नवरा चाकणला, मी पाटण तालुक्यात. बाळासाठी प्रयत्न करतोय, अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा

कोयनाकाठ:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचत आले आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लिहिणं लांबेल, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पाटण तालुक्यात. वय ३२. नवरा ३५ वर्षांचा, चाकणला फोर्जिंग कंपनीत. तो खासगी नोकरीत असल्यामुळे पती-पत्नी एकत्रीकरणातून मला बदली मिळत नाही, आणि त्याच्या कामाचं इकडे काही नाही. त्यात त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि माझी शाळा बंद रविवारी. कामाची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात तो बुधवारी कंपनीतून सुटला की परस्पर गाडी धरतो, रात्री उशिरा पोचतो, शुक्रवारी पहाटे निघतो. रात्रपाळीच्या आठवड्यात येणं जमतच नाही.

गेल्या दिवाळीपासून आम्ही काही वापरत नाही. अजून दिवस राहिलेले नाहीत. माझी पाळी ३३ ते ३६ दिवसांनी येते, त्यात फारसा गोंधळ कधी नसतो. सगळ्या सांगतात चौदावा दिवस महत्त्वाचा, म्हणून मी त्या सुमाराला किरकोळ रजा टाकून चाकणला जाते. रजा संपत आल्या.

मध्ये तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी २१व्या दिवशी रक्त तपासायला लावलं, प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक कमी आलं, म्हणाले अंडंच तयार होत नाही. गोळ्या लिहून दिल्यात, अजून घेतलेल्या नाहीत. नवऱ्याची तपासणी कुणी सुचवली नाही आणि मला त्याच्याकडे विषय कसा काढायचा कळत नाही. तो भट्टीजवळ काम करतो, तंबाखू मळतो. सिगरेट, दारू नाही.

सासूबाई मायेच्या आहेत, पण दर फोनला नवं काही सांगतात. आता कुठल्याशा गावच्या पुडीचं चाललंय. बायका हळदीकुंकवाला ओटी भरताना ‘पुढच्या वर्षी दोघं या’ म्हणतात, तेव्हा हसून वेळ मारून नेते. रात्री मात्र झोप लागत नाही.

कुठले दिवस धरायचे, आधी काय तपासायचं, खाण्यापिण्यात काय बदलायचं, जे माहीत असेल ते सांगा.

तिळगूळ:

अगं, तुझ्याजागी मीच लिहिलंय असं वाटलं. आम्हीही दोन शहरांत होतो, तो हैदराबादला, मी सोलापूरला. एक आधीच सांगते, पाळीच्या अॅपवरचे हिरवे दिवस डोळे झाकून धरू नकोस. पाळी २८ दिवसांची नसेल तर पहिले काही महिने अॅप अंदाजच करत असतं.

आणि फॉलिक अॅसिड सुरू आहे का? नसेल तर आजच कर.

कोयनाकाठ:

फॉलिक अॅसिड त्याच डॉक्टरांनी दिलंय, ते घेते.

ओपीडीनंतर:

कोयनाकाठ, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करते. तपासल्याशिवाय इथे औषध सांगणार नाही. पण तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या लगेच बोलायला हव्यात.

पहिली, तो चौदावा दिवस. तो २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींत ठरलेला असतो, १२ ते १४ दिवस. पाळी लांबते ती त्याआधीच्या भागात. म्हणून मोजायचं पुढच्या पाळीपासून मागे. ३३ दिवसांनी पाळी आली तर अंडं साधारण १९व्या दिवशी फुटलं, ३६ दिवसांनी आली तर २२व्या. अंडं फुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे दिवस राहण्याची शक्यता अंडं फुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढ्यातच असते, आणि सगळ्यात जास्त असते आधीच्या दोन दिवसांत. तुमच्यासाठी १४व्यापासून २२व्या दिवसापर्यंतचा पट्टा महत्त्वाचा. रजा टाकायचीच तर १६ ते २१ च्या मध्ये टाका. चौदाव्या दिवशी चाकणला जाऊन दुसऱ्या दिवशी परत येत असाल तर खरे दिवस सुरू होताना तुम्ही शाळेत परतलेल्या असता.

दुसरी, २१व्या दिवसाची तपासणी. प्रोजेस्टेरॉन अंडं फुटल्यानंतर वाढतं आणि साधारण आठवड्याने सर्वांत जास्त असतं. २८ दिवसांच्या पाळीत तो दिवस २१वा येतो. तुमच्या पाळीत तो २६ ते २९ च्या दरम्यान येईल. २१व्या दिवशी तुमचं अंडं फुटलेलंच नसेल किंवा नुकतंच फुटलं असेल, तर आकडा कमी येणारच. त्या एका रिपोर्टवरून अंडं बनत नाही असं म्हणता येणार नाही. २४ ते ३८ दिवसांनी येणारी पाळी नॉर्मल धरतात. ज्यांची पाळी अशी नेमाने येते त्यांच्यात बहुधा दर महिन्याला अंडं तयार होत असतं. गोळ्या सुरू करण्याआधी तपासणी योग्य दिवशी परत करा, किंवा एका महिन्यात फॉलिक्युलर स्टडी करून घ्या. सोनोग्राफीत अंडं वाढताना आणि फुटल्यावर दिसतं, वादाला जागा राहत नाही.

आता तुमच्या दूर राहण्याबद्दल. मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशनच्या स्ट्रिप मिळतात. त्या लघवीतलं एलएच नावाचं संप्रेरक दाखवतात. दोन रेघा सारख्या गडद आल्या की पुढच्या २४ ते ३६ तासांत अंडं फुटण्याची शक्यता असते. तुम्ही १४व्या-१५व्या दिवसापासून रोज एक करा, शाळेतून आल्यावर संध्याकाळी केली तरी चालेल, फक्त आधीचे दोन-तीन तास भरपूर पाणी पिऊ नका. त्याहून फुकटची खूण म्हणजे अंगावरून जाणारा स्राव. अंडं फुटण्याच्या आधीचे दोन-चार दिवस तो पारदर्शक, निसरडा, दोन बोटांत धरला तर तार यावी असा होतो. ही खूण स्ट्रिपच्याही आधी दिसते, म्हणजे नवऱ्याला फोन करायला तुम्हाला वेळ मिळतो. सकाळी अंगाचं तापमान मोजण्याची पद्धत तुमच्या कामाची नाही. ते अंडं फुटून गेल्यावर वाढतं.

त्या दिवसांत रोज किंवा एकाआड एक दिवस संबंध आला तरी शक्यता जवळपास सारखीच राहते. ‘साठवून ठेवायचं’ म्हणून आधी दहा-बारा दिवस थांबण्यात फायदा नाही, उलट फार दिवसांच्या खंडानंतर शुक्राणूंची हालचाल मंदावलेली असते. नंतर पाय भिंतीला लावून पडून राहण्याने काही फरक पडत नाही. बाजारातल्या बऱ्याचशा लुब्रिकंट जेलनी मात्र शुक्राणूंची हालचाल कमी होते, ती या दिवसांत टाळा.

कंबर-पोट दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या वारंवार घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. या गोळ्या अंडं फुटण्यात अडथळा आणू शकतात. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं.

तिळगूळ:

ओपीडीनंतर ताई, २१व्या दिवसाचं हे माझ्याही बाबतीत झालं होतं. मला पीसीओडी (अंडाशयाचा त्रास, यात अंडं वेळेवर तयार होत नाही) असल्याने पाळी ४५-५० दिवसांनी यायची, तरी २१ला रक्त घेतलं होतं. आज पहिल्यांदा कळतंय की त्याला अर्थ नव्हता.

पीसीओडीवाल्यांसाठी माझी भर. आमच्यात एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे स्ट्रिप खोट्या पॉझिटिव्ह येतात. मी एका महिन्यात आठवडाभर रोज दोन गडद रेघा पाहत होते. आमच्यासाठी सोनोग्राफीच बरी. वजन वाढलेलं असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी कित्येकींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईला ५५ व्हायची गरज नाही, साडेतीन ते सात किलोंनीही फरक पडू शकतो. मी रात्रीचा भात बंद केला नाही, अर्धा केला, आणि वरणात भाजी वाढवली. रोज जेवणानंतर चालले. पुढे डॉक्टरांनी लेट्रोझोल दिलं, त्यावर अंडं नीट फुटायला लागलं. आज मुलगा दोन वर्षांचा आहे.

सह्याद्रीवारा:

पुरुषांपैकी कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. नाशिकचा आहे.

आमच्याकडे सगळी तपासणी आधी बायकोची झाली. रक्त, सोनोग्राफी, मग गर्भनळ्यांचा एक्स-रे, मग भूल देऊन दुर्बिणीची तपासणी. एका मोठ्या हॉस्पिटलात हे सगळं चाललं होतं आणि मला कुणी एकदाही विचारलं नाही. बायको भुलीतून बाहेर येत असताना तिथल्या नर्सने सहज विचारलं, साहेबांचा रिपोर्ट कुठाय? नव्हताच. तो केला तेव्हा कळलं, काउंट (शुक्राणूंची संख्या) आणि मोटिलिटी (हालचाल) दोन्ही कमी. पोटाला भोकं तिच्या पडली आणि कारण माझ्याकडे निघालं. याचा राग मला अजून आहे.

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, पूर्ण नाहीतर काही अंशी तरी. आणि त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त, सुई टोचत नाही, भूल लागत नाही, एका दिवसात रिपोर्ट मिळतो. तीच आधी व्हायला हवी.

नवऱ्याला कसं सांगायचं, तर ‘तुझ्यात दोष आहे का बघू’ असं कधीच नको. आपल्याकडे मर्दानगी आणि काउंट यांची गाठ घातलेली आहे, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. संबंध व्यवस्थित येत असणाऱ्याचाही काउंट शून्य असू शकतो. ‘डॉक्टरांनी दोघांच्या प्राथमिक तपासण्या सांगितल्यात, माझी झाली, तुझी राहिली’ एवढंच म्हणायचं. माझ्या बायकोने नंतर सांगितलं की ती आठवडाभर वाक्यं जुळवत होती. मला ती थेट बोलली असती तर मी त्याच दिवशी गेलो असतो.

भट्टी आणि तंबाखू, दोन्ही मनावर घ्या. अंडकोष शरीराबाहेर आहेत ते उगाच नाही, शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. भट्टीपुढची पाळी, तासन्‌तास गाडी चालवणं, मांडीवर लॅपटॉप, घट्ट जीन्स, रोज कढत पाण्याने टबात बसणं, हे सगळं त्यात येतं. नोकरी सोडायला कुणी सांगत नाही, पण सैल सुती कपडे, मध्ये मध्ये भट्टीपासून लांब जाणं, सुपरवायझरशी बोलून काही महिने दुसऱ्या लाइनवर काम मागणं, हे होऊ शकतं. मला वेरिकोसीलही निघालं होतं, म्हणजे अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगलेल्या. ते युरॉलॉजिस्टने हाताने तपासून सांगितलं.

आणि धीर धरा. नवा शुक्राणू तयार व्हायला साधारण ७०-७५ दिवस लागतात. आज तंबाखू सोडली तर रिपोर्टवर तीनेक महिन्यांनी दिसेल. मी गुटखा सोडला, शिरांचं छोटं ऑपरेशन झालं, आकडे वाढले. मुलगी पहिलीत आहे.

ओपीडीनंतर:

सह्याद्रीवारांना पूर्ण अनुमोदन. एक भर घालते, जिमला जाणाऱ्या तरुणांसाठी. अंग बनवायला टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलीत तर शुक्राणू तयार होणं जवळपास थांबू शकतं. बाहेरून हार्मोन मिळालं की मेंदू अंडकोषाला काम बंद करायचा निरोप देतो. नवरा असं काही घेत असेल तर ते लपवू नका, बंद केल्यावर बहुतेकांत भरून येतं, पण त्याला महिने लागतात.

स्लाईडवाली:

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, कोल्हापूर. वीर्यतपासणीचे नमुने रोज माझ्या हाताखालून जातात. बरेच रिपोर्ट नमुना नीट न दिल्यामुळे बिघडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दोन ते सात दिवसांचा खंड हवा. एका दिवसाचा नको आणि पंधरा दिवसांचाही नको. डबी लॅबचीच घ्यायची, घरची औषधाची बाटली धुऊन आणू नका. साबण, तेल, थुंकी काही लावायचं नाही. कंडोममधून आणलेला नमुना चालत नाही. सगळा नमुना डबीत यायला हवा. सुरुवातीचा थोडा भाग बाहेर सांडला तर लाजू नका, सांगा. शुक्राणू सगळ्यात जास्त त्या पहिल्या भागातच असतात, आणि तो गेला की काउंट उगाच कमी दिसतो.

लॅबमध्ये द्यायला अवघड वाटतं हे मला माहीत आहे. काही ठिकाणी बाहेर बाकावर पेशंट बसलेले आणि आत एकच संडास, त्याची कडीही धड लागत नाही. घरून आणायचा तर एका तासाच्या आत पोचवा. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. डिकीत, एसीत, बर्फात अजिबात नको. डबीवर नाव आणि नमुना दिल्याची वेळ लिहा. आम्ही तो अर्धा तास पातळ व्हायला ठेवतो, मग काचेवर घेऊन भिंगाखाली बघतो. काही सरळ पुढे पळतात, काही जागच्या जागी गोल फिरतात, काही नुसते पडून असतात. ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून रिपोर्टवर येतं ते पुढे पळणाऱ्यांचं प्रमाण, आणि डॉक्टर ते आधी बघतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालच्या मर्यादा अशा: नमुना १.४ मिलि, मिलिमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे जाणारे ३० टक्के, आणि ठेवणीने (मॉर्फॉलॉजी) नॉर्मल फक्त ४ टक्के. ‘मॉर्फॉलॉजी ५ टक्के’ वाचून कित्येक जण काउंटरवर रडकुंडीला येतात. तो नॉर्मल रिपोर्ट आहे! आणि मर्यादेच्या खाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही. एक रिपोर्ट वाईट आला तर काही आठवड्यांनी दुसरा करतात, दोन्ही बघून ठरवतात.

कोयनाकाठ:

इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वहीत चौदावा दिवस लाल पेनाने गोल केलेला आहे, आता १६ ते २१ करते.

दोन प्रश्न. मैत्रिणीने एएमएच ही रक्ततपासणी करून घ्यायला सांगितलंय, करू का? आणि सासूबाईंच्या पुडीचं काय करू? त्या म्हणतात शतावरी आहे, आणखी काय काय आहे ते त्यांनाही माहीत नाही. पुडी देणारा म्हणे विशिष्ट दिवशी गाईच्या दुधातून घेतली तर मुलगाच होतो.

ओपीडीनंतर:

पुडी घेऊ नका. शतावरी घ्यायची असेल तर नोंदणी असलेल्या वैद्यांना दाखवून, त्यांनी लिहून दिलेली, नाव-बॅच छापलेली घ्या आणि मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगून घ्या. चिठ्ठी नसलेल्या पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. अशा पुड्यांत शिसं, पारा, हार्मोन सापडलेले आहेत. ‘मुलगाच होईल’ असं औषध जगात नाही, आणि गर्भलिंगनिवडीला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. बाळाचं लिंग वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं, दुधावर नाही.

एएमएच आत्ता नको. त्यावरून बीजांचा साठा किती ते कळतं. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख बीजं असतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख उरतात, पुढे कमीच होत जातात. पण पाळी नेमाने येणाऱ्या बाईला आपणहून दिवस राहतील का, हे एएमएचवरून सांगता येत नाही. कमी आकडा बघून घाबरून थेट आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) दारात गेलेल्या मी पाहिल्यात. उपचार ठरवताना ती तपासणी लागते, तेव्हा करू.

तुमच्यासाठी आत्ता थायरॉईडचं टीएसएच, साखर, हिमोग्लोबिन, रक्तगट, आणि रुबेलाची प्रतिकारशक्ती आहे का ते. नसेल तर लस घ्या आणि नंतर एक महिना दिवस राहू देऊ नका. थॅलेसेमिया या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी एचबीए२ ही रक्ततपासणी दोघांपैकी एकाने तरी करावी.

फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहण्याच्या आधीपासून. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते. कित्येकींना तोवर पाळी चुकल्याचं नीट लक्षातही आलेलं नसतं, मग गोळी सुरू करायला उशीर होतो. मधुमेह, फिटची औषधं, किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष, असं काही असेल तर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती डॉक्टरांनाच ठरवू द्या.

धानाचंशेत:

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक राहिलं, सिकलसेल. हाही आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. माझं माहेर गोंदिया जिल्ह्यातलं. आमच्याकडे ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आधी कळलं तर पुढचं ठरवता येतं.

माझी स्वतःची गोष्ट वेगळी. पाळी वेळेवर, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, तरी काही होईना. एचएसजी केली, म्हणजे पाळीनंतर काही दिवसांत गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे घेतात. दोन्ही नळ्या बंद. मग विचारपूस झाली तेव्हा आठवलं, लहानपणी मानेत गाठी येऊन मला टीबीची औषधं दिली होती. टीबी फुप्फुसातच होतो असं वाटतं आपल्याला. तो नळ्यांतही बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही. तुम्हाला किंवा घरात कुणाला टीबी झाला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, ओटीपोटात सारखं दुखत असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. आमचं बाळ आयव्हीएफने झालं.

मांडवीतीर:

आयव्हीएफचा विषय निघाला म्हणून. आमच्या गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफची सोय मोफत सुरू झाली आहे. माझी भावजय तिथे जाते. रांग आहे, पण डॉक्टर नीट समजावतात. गोंयकारांनी आधी तिथे विचारावं, घर गहाण टाकायची घाई करू नये.

खासगीत जाणाऱ्यांनी क्लिनिकची २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखालची नोंदणी बघून घ्या. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच नको. वयाची अटही त्याच कायद्यात आहे, बाईला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५.

जुनीजाणती:

पोरी, माझी साठी उलटून गेली, म्हणून सासवांच्या बाजूने दोन शब्द. तुझ्या सासूबाई पुड्या शोधतात ते त्यांना दुसरं काही करता येत नाही म्हणून. त्यांना काम दे. म्हणावं, आई, डॉक्टरांनी हिरव्या भाज्या, कडधान्यं, नाचणी खायला सांगितलंय, तुमच्या हातची मेथीची भाजी आणि मटकीची उसळ बुधवारी त्यांच्याबरोबर पाठवा. मुलाच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि फळं द्या. त्याची तंबाखू सोडवायचं कामही त्यांच्यावर सोपव, आईचं ऐकतात मुलगे.

आणि ओटी भरणाऱ्या बायांना काही सांगायला बांधील नाहीस. ‘देवाची इच्छा’ म्हणून पुढच्या घरी जा. रडू आलं तर नवऱ्याजवळ रड, एकटी नको.

रानमेवा:

झोप लागत नाही म्हणालात, त्याबद्दल कुणी बोललं नाही. आम्हा दोघांनाही त्या दिवसांची इतकी धास्ती बसली होती की जवळ येणंच ड्युटीसारखं झालं. नवऱ्याला त्या नेमक्या रात्री जमायचं नाही, मग भांडण. समुपदेशकांनी आम्हाला सांगितलं, स्ट्रिपचा निकाल त्याला सांगूच नका, नुसतं ‘आज ये’ म्हणा. तुम्हाला फोन करावा लागेल, पण कारण दर वेळी सांगितलंच पाहिजे असं नाही. एरवीचे गुरुवारही एकमेकांसाठी ठेवा, तारखेचा विषय न काढता.

कोयनाकाठ:

जुनीजाणती काकू, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. मेथीचं आजच फोनवर बोलले, त्या खूश झाल्या आणि पुडीचं नाव काढलं नाही.

ओपीडीनंतर, एक राहिलं. वर्ष होईपर्यंत थांबा म्हणतात. आमचं वर्ष दिवाळीला होईल. तोवर थांबू?

ओपीडीनंतर:

पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासण्या, असा सर्वसाधारण नियम आहे. चाळिशीच्या पुढे थांबायचंच नसतं. निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात शक्यता २०-२५ टक्केच असते आणि वर्षभरात दहांतल्या आठांना दिवस राहतात, त्यामागचा हिशोब हा. पण तो एकत्र राहणाऱ्यांचा हिशोब आहे. तुमचे बरेच महिने असे गेले असणार की त्या सहा दिवसांत भेटच झाली नाही. ते महिने अपयश म्हणून मोजू नका. मनावरचं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

नवऱ्याची तपासणी आणि तुमचं टीएसएच वगैरे आत्ताच करा, त्याला वर्षाची वाट बघायची गरज नाही. सगळं ठीक आलं तर योग्य दिवस धरून सहा महिने द्या. नाहीच झालं तर एचएसजी आणि पुढचं बोलू. नवऱ्याच्या कामाच्या पाळ्यांमुळे भेटी जमतच नसतील तर नोंदणीकृत केंद्रात नवऱ्याचा नमुना गोठवून ठेवता येतो आणि योग्य दिवशी आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भपिशवीत सोडणं, करता येतं. दूर राहणाऱ्या जोडप्यांसाठी, फौजेतल्या आणि बोटीवरच्या लोकांसाठी हे आम्ही करतो. तुमच्या बाबतीत ती नंतरची पायरी आहे.

उन्हाळ्याची सुट्टी मोजून ठेवा. शाळा बंद असताना तुम्ही सलग चाकणला राहू शकता, ती सुट्टी माहेरी घालवू नका.

कोयनाकाठ:

रात्री त्याला हा धागाच पाठवला. सह्याद्रीवारांचं लिहिणं त्याने दोनदा वाचलं म्हणे. येत्या गुरुवारी कराडला तपासणीला जाऊ म्हणतोय. तंबाखूचं ‘बघतो’ म्हणालाय.

स्लाईडवाली ताई, त्याला महिन्यापूर्वी डेंग्यू झाला होता, चार-पाच दिवस सडकून ताप होता. तपासणी आत्ता करू की थांबू?

स्लाईडवाली:

गुरुवारीच करा, फक्त चिठ्ठीवर तापाची तारीख लिहून घ्या. जोराच्या तापाचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने रिपोर्टवर दिसू शकतो. आकडे चांगले आले तर प्रश्नच नाही. कमी आले तर त्यावरून काही ठरवू नका, ताप येऊन तीन महिने झाल्यावर त्याच लॅबमध्ये परत करा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा. बुधवारी रात्री तो येतोय आणि गुरुवारी सकाळी नमुना द्यायचा आहे, तेव्हा दोन दिवसांचा खंड लक्षात ठेवा. आणि कराडच्या लॅबला आदल्या दिवशी फोन करून विचारा, काही ठिकाणी हे नमुने सकाळी अकराच्या आतच घेतात.